स्लोवर टिकत नाही

चालताना काही तक्रार नाही.
बहादरपूरचा चढ तिसऱ्यातच घेते,
मागे लाळ-खुरकताच्या लशींचा डबा, बर्फ, पुढे मी.
पण रेल्वेच्या फाटकाशी, गोठ्याशी, टपरीशी,
जिथे जिथे क्लच दाबून दोन मिनिटं नुसतं उभं राहायचं,
तिथे आधी विनाकारण चढते, भर्रर्र,
मग उतरत उतरत एवढी बारीक होते
की माझाच श्वास अडतो,
आणि मरते.

मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न देत राहतो.

प्लग बदलला. जुना पांढरट पडला होता,
त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.
जेट पितळी तारेने टोकरलं.
फिल्टर भिंतीवर झटकला तर जिनिंगच्या रस्त्यावरचा
सगळा कापूस निघाला, भुऱ्या उंदरासारखा.
आणि दर वेळी, शेवटी, तो स्क्रू:
अर्धा आटा आत. अजून अर्धा.
महिनाभर गाडी ओरडत उभी राहिली,
मी म्हटलं, झाली बरी.
शिरसोद्याला एक म्हैस त्या आवाजाने
खुंटा उपटून नदीपर्यंत गेली.
लस राहिली. मालकाने पाणीसुद्धा विचारलं नाही.

पारोळ्याला मुनाफ पिंजारीचं दुकान,
पत्र्याखाली. बाराची वेळ, मे महिना,
पाने उचलायचे तर फडक्याने.
मागच्या भिंतीवर आजाची धुनकी टांगलेली,
तात सैल, तिच्यावर ग्रीसची बोटं.
मुनाफने हत्यार घेतलं नाही.
स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला,
डोळे मिटून बसला उकिडवा.
मग माझा महिनाभराचा स्क्रू
सरळ दीड आटा बाहेर काढला.
"आवाज वाढाई दिधा, दुखनं तठेच शे."

"सिरिंज शे ना तुमनाजोडे? सुई काढीसन द्या."

वीस मिलीची दिली, पाणी भरून.
कार्बोरेटरच्या सांध्यावर एक थेंब: काही नाही.
खालच्या वाटीशी एक: काही नाही, तीच धाप.
मग हेड आणि कार्बोरेटर यांच्या मधल्या
आखूड काळ्या रबरावर, वरून नव्हे, पोटाकडून,
एक थेंब,

आणि गाडी एकदम सरळ बोलायला लागली.
टुक, टुक, टुक,
रवंथ करावं तशी.

चार सेकंद. थेंब वाळला.
पुन्हा तेच, चढणं, झुरणं.
पुन्हा थेंब, पुन्हा चार सेकंद.
तिसऱ्यांदा त्याने माझ्यासाठी टाकला,
त्याला तर पहिल्यालाच कळलं होतं.
रबर काढून अंगठ्यांनी वाकवलं: "हाई चीर देखा."
दोन उन्हाळ्यांची, केसाएवढी,
तापातल्या माणसाच्या ओठाला असते तशी.
वाकवल्याशिवाय दिसत नव्हती.
मी महिनाभर तिच्यावरून फडकं फिरवत होतो.

"पेट्रोल मोजीसन येस," तो म्हणाला,
"हवा मातर चोरवाटनी बी येस."
मग भिंतीकडे बघत, मला की स्वतःलाच:
"आजा म्हने, तात बोलनी का समजाडं,
रुई वली शे का कोयडी."
त्याने स्वतः ती कधी वाजवलेली नाही.
मी विचारलं नाही, त्यानेच सांगितलं.

सायकलच्या ट्यूबची पट्टी, दोन वेढे, वर क्लिप.
नवीन रबर धुळ्याहून, गुरुवारी.
चाळीस रुपये. सिरिंज परत देईना,
"राहू द्या, कामनी शे."

संध्याकाळी पुन्हा शिरसोदे.
गोठ्याच्या तोंडाशी गाडी उभी केली आणि बंद केली नाही.
म्हशीने मान वळवली, बघितलं,
वैरणीकडे परत गेली.
सवयीने तिच्या बरगड्यांवर हात ठेवून
घड्याळात बघत श्वास मोजले,
वीस, एकवीस,
आणि मधेच समजेना
यातला कोणता आकडा हिचा, कोणता दाराबाहेरचा.
पुन्हा पहिल्यापासून मोजले.

गुरुवार होऊन गेला.
रबर अजून आलेलं नाही.
पट्टी धरून आहे.